आधी विचारा, मग शिका

वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाची आरोग्यचर्चा असते. साखर, बीपी, लहान मुलांच्या लशी असेच विषय बहुधा निघतात. मागच्या महिन्यात एक ताई शेवटपर्यंत कोपऱ्यात गप्प बसून होत्या. सातवा महिना. बाकीच्या उठून गेल्यावर त्या आमच्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाळात काहीतरी खोट आहे. पण मला कोणी सांगत नाही."

बसवून, पाणी देऊन विचारलं तेव्हा हकिकत बाहेर आली. मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांची सोनोग्राफी झाली होती. एका मुलीने पोटावर गार जेल लावून तपासलं. मग तिने एका मुलाला बोलावलं. त्याने तपासलं. मग तिसरी आली. पुन्हा तेच यंत्र, पुन्हा त्याच जागी दाबणं, पडद्याकडे बोट दाखवून इंग्रजीत कुजबुज. एकजण "दिसत नाही" म्हणाला, तेवढं मात्र ताईंना कळलं. शेवटी मोठ्या मॅडम आल्या, दोन मिनिटं पाहून गेल्या. पाऊण तास ताई उताण्या पडून होत्या आणि त्यांच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. "एवढ्या जणांनी पाहिलं म्हणजे काहीतरी असणारच ना?" चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. पुढच्या तारखेला जायचंच नाही, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमच्यात एक निवृत्त सिस्टर आहेत. त्यांनी रिपोर्ट वाचला. बाळाची वाढ महिन्याप्रमाणे, पाणी पुरेसं, ठोके व्यवस्थित. ती मुलं शिकत होती, एवढंच. पण "आम्ही शिकतोय" हे दोन शब्द पाऊण तासात कोणाच्या तोंडून निघाले नाहीत.

सिस्टरांना राग आला तो आणखी एका गोष्टीचा. दिवस भरत आलेल्या बाईला फार वेळ उताणं झोपवलं की गर्भाच्या वजनाने पाठीजवळची मोठी रक्तवाहिनी दाबली जाते. चक्कर येते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. ताईंना तसंच झालं होतं, पण त्यांना वाटलं की भीतीने होतंय. अशा वेळी डाव्या कुशीवर वळायचं, आणि वळू का म्हणून परवानगीही मागायची नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. डॉक्टरने शिकायचं नाही, असं आम्ही म्हणत नाही. पुस्तक वाचून सोनोग्राफी येत नाही, जशी पुस्तक वाचून भाकरी थापता येत नाही. आज नवखा असलेला हातच उद्या रात्री दोन वाजता आपल्या आईच्या पोटातली गाठ ओळखणार आहे. आणि ती मुलं परकी आहेत असंही नाही. आपल्या वस्तीतली पोरं-पोरी आज एमबीबीएस करतात, नर्सिंग करतात, रेडिओग्राफीचा कोर्स करतात. शिकण्याची दारं बंद होती ती कोणी उघडली, हे या मासिकाच्या वाचकाला आम्ही सांगायला नको.

प्रश्न वेगळा आहे. शिकायचं कोणाच्या अंगावर, आणि विचारून की न विचारता?

सायन, केईएम, नायर, ससून, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी, ही सगळी शिकवण्याची रुग्णालयं आहेत. तिथल्या टेबलावर कोण झोपतं? कचरा वेचणारी, धुणीभांडी करणारी, नाक्यावर कामासाठी उभी राहणारी माणसं. त्यांच्या अंगावर हात बसला, नजर तयार झाली, की त्यातले बरेच डॉक्टर जातात अशा ठिकाणी जिथे सोनोग्राफीचे पैसे ऐकूनच आपण दारातून परततो. तिथल्या टेबलावर पेशंटभोवती विद्यार्थ्यांची रांग सहसा नसते. शिकवण्याचा भार गरिबाने उचलायचा आणि शिकलेल्याचा लाभ श्रीमंताने घ्यायचा, ही वाटणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती आपोआप झाली आहे, म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मोफत उपचार घेतो म्हणजे शरीराचं भाडं फेडतो, असं आपल्याही मनात कुठेतरी बसलं आहे. ते काढून टाकायला हवं. सरकारी दवाखाना कराच्या पैशातून चालतो, आणि काडेपेटी घेणारासुद्धा कर भरतो.

आता एक्स-रे आणि सोनोग्राफी यांतला फरक नीट समजून घेऊ. वस्तीत दोन्हींना 'फोटो' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, कानाला न ऐकू येणाऱ्या. त्यात किरणोत्सर्ग नाही. एमआरआयमध्येही नाही, तिथे चुंबक असतं. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये मात्र क्ष-किरण असतात, आणि ते शरीरातून जाताना पेशींना थोडी इजा करू शकतात. थोडी म्हणजे किती? मोजमाप मिलीसिव्हर्टमध्ये करतात. माती, दगड, हवा, आकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट किरणोत्सर्ग तसाही मिळतोच. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ किंवा त्याहूनही कमी. म्हणजे काही दिवसांचा नैसर्गिक हिस्सा. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र साधारण ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांचा हिस्सा एका दमात.

म्हणून, क्षयरोगाच्या तपासणीसाठी वस्तीत एक्स-रेची गाडी आली किंवा हातात धरायचं लहान मशीन घेऊन कार्यकर्ते आले, तर हा लेख वाचून कोणी घरात लपू नये. न सापडलेला टीबी त्या एका फोटोपेक्षा कितीतरी पटीने घातक आहे. डॉक्टरने कारण सांगून लिहिलेला एक्स-रे जरूर काढा.

पण कारण हवंच. क्ष-किरणांच्या खात्यात काम करणाऱ्या माणसाला मर्यादा असते : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट. त्याच्या छातीवर बिल्ला असतो, तो ठरावीक मुदतीने तपासला जातो. रुग्णाला अशी आकड्याची मर्यादा नाही, बिल्लाही नाही. कारण आजारात किती फोटो लागतील हे आधी कोणी सांगू शकत नाही. मग रुग्णाचं रक्षण कशाने होतं? फक्त एका गोष्टीने : प्रत्येक फोटोमागे त्याच्या स्वतःच्या भल्याचं कारण असलं पाहिजे आणि लागेल तेवढाच किरण वापरला पाहिजे. जगभर हेच तत्त्व मानतात. ते कारण काढून घेतलं की रुग्ण उघडा पडतो. त्यामुळे "विद्यार्थ्यांना दाखवायचंय, आणखी एक घ्या" हे एक्स-रेच्या खोलीत चालत नाही. रुग्णाने हो म्हटलं तरी चालू नये. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या नियमांत तर शिकवण्यासाठी किंवा प्रात्यक्षिकासाठी माणसावर क्ष-किरण सोडण्यास सरळ मनाई लिहिलेली आहे. त्या कामासाठी हाडांचा सांगाडा आत बसवलेला प्लॅस्टिकचा पुतळा मिळतो. त्याला फँटम म्हणतात. त्याचे हजार फोटो काढा, तो तक्रार करत नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १८९५ साली रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले. पुढची काही वर्षं डॉक्टर आणि तंत्रज्ञ मशीन बरोबर चालतंय का, हे पाहायला आपलाच हात किरणांत धरायचे. रोज. आधी कातडी भाजली, मग बोटं झडली, मग हात कापावे लागले. एडिसनचा सहायक क्लेरेन्स डॅली असाच १९०४ साली मेला. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाजवळ अशा माणसांचं स्मारक १९३६ साली उभारलं आहे. त्यांनी निदान स्वतःचा हात धरला होता. पुढे काहींनी दुसऱ्याचं शरीर धरलं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, सार्वजनिक रुग्णालयात, १९६० ते १९७१ या काळात कॅन्सरच्या सुमारे ९० रुग्णांच्या शरीरावर मोठ्या प्रमाणात किरण सोडले गेले. पैसा संरक्षण खात्याचा होता; अणुयुद्धात सैनिकाचं काय होईल, हे त्या खात्याला जाणून घ्यायचं होतं. सुरुवातीची काही वर्षं लेखी संमतीसुद्धा घेतली नव्हती. रुग्ण बहुतेक गरीब, आणि निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. ते शिकवणं नव्हतं, तो प्रयोग होता, आणि आपल्या दवाखान्यांत तसं होतं असं आम्ही म्हणत नाही. पण 'ही माणसं विचारणार नाहीत' हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

एक्स-रेच्या खोलीत शिकाऊ मुलगा असणं वाईट नाही. त्याने तुम्हाला उभं करावं, प्लेट लावावी, मशीनचे आकडे बसवावेत. आणि बटण दाबण्याआधी अनुभवी टेक्निशियनने ते सगळं तपासावं. असं झालं तर विद्यार्थी शिकतो आणि तुम्हाला एकही जादा किरण लागत नाही. बिघडतं ते पुन्हापुन्हा फोटो घेण्यात. हललात, श्वास सोडला, गळ्यातलं पदक राहिलं, ब्लाऊजची पिन राहिली, की फोटो वाया. यातलं निम्मं विद्यार्थ्याच्या हातात आहे आणि निम्मं आपल्या. "श्वास रोखा" म्हणजे नक्की कधी आणि किती वेळ, हे नीट विचारून घ्या. गळ्यातलं, कानातलं आधीच काढून पिशवीत ठेवा. केस वर बांधा. फोटो परत घेणार असतील तर का, हे विचारा. परत घ्यावा लागणं हा गुन्हा नाही, पण तिसऱ्यांदा घेताना अनुभवी माणसाने हात लावावा, एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. गरोदर असाल, किंवा तशी शंका जरी असेल, तर कोणी विचारण्याआधीच सांगा. दिवस गेल्याचं सासूला अजून सांगितलं नसेल, तरी टेक्निशियनला सांगा.

सोनोग्राफीचं वेगळं. तिथे किरण नाहीत, म्हणून "काही होत नाही हो" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण ताईंच्या चार रात्री हे काही नव्हतं का? शिवाय गर्भावर आवाजाच्या लहरीसुद्धा गरजेपुरत्याच सोडाव्यात, आणि पहिल्या तीन महिन्यांत डॉपलर हा जास्त ताकदीचा प्रकार कारणाशिवाय वापरू नये, हा डॉक्टरांनी आपणहून मान्य केलेला संकेत आहे. आपल्या देशात तर गर्भलिंग निवडीविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि त्यात कारण लिहावं लागतं. कारणांच्या त्या यादीत 'विद्यार्थ्यांना शिकवणे' असं कारण नाही. ताईंच्या फॉर्मवर बाळाची वाढ पाहणे असं लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं. एका कारणावर चार हात फिरले, एवढंच.

सगळ्यात नाजूक बाब 'आतून' करायच्या सोनोग्राफीची. गर्भपिशवी, बीजांड नीट दिसावं म्हणून यंत्राची दांडी योनीमार्गातून घालतात. ही तपासणी कधीकधी खरोखर गरजेची असते आणि तिची लाज बाळगायचं काही कारण नाही. पण ती एकाने करायची की तिघांनी, हे त्या बाईने ठरवायचं. सासूने नाही, नवऱ्याने नाही, राऊंडवरच्या सरांनीही नाही. पुरुष डॉक्टर असेल तर खोलीत एक बाई हजर असली पाहिजे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत ते लिहिलेलं आहे. बेशुद्ध असलेल्या बाईवर शिकाऊ डॉक्टरांनी न विचारता अंतर्गत तपासणीचा सराव करणं हा अमेरिकेत अनेक वर्षं वादाचा विषय होता. अखेर २०२४ साली तिथल्या केंद्र सरकारने रुग्णालयांना कळवलं की अशा तपासणीसाठी आधी लेखी संमती घेतलीच पाहिजे. इतक्या श्रीमंत देशाला हे उमजायला एवढी वर्षं लागली.

"पण आम्ही तर भरती होतानाच अंगठा दिलाय," असं एक मावशी म्हणाल्या. दिला, बरोबर. पण एका गोष्टीला दिलेला अंगठा दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलं. त्या बाईंनी तपासणीला होकार दिला होता. त्या गुंगीत असताना डॉक्टरांनी आईची सही घेऊन गर्भाशयच काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आणि सज्ञान, धडधाकट बाईच्या वतीने दुसऱ्या कोणाची सही अशा वेळी चालत नाही. हा खटला शिकवण्याबद्दल नव्हता. पण त्यातलं तत्त्व आपल्या कामाचं आहे. माझ्या आजारासाठी मला तपासा, याचा अर्थ माझ्यावर सराव करा असा होत नाही. आणि सरावाला नकार दिला म्हणून उपचारात हात आखडता घेणं हे तर सरळ अन्याय्य आहे.

फोटोंबद्दलही थोडं. तुमचा एक्स-रे वर्गात दाखवला, पुस्तकात छापला, किंवा हल्ली कॉम्प्युटरला रोग ओळखायला शिकवण्यासाठी वापरला, तर त्यावर नाव-गाव असता कामा नये. नावासकट फिल्मचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवणं म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणं.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्या घाणीत पडून होता. तथागत आनंदासोबत विहार पाहत फिरत असताना तिथे आले. त्यांनी आधी विचारलं, तुला काय होतंय? तुझी सेवा करायला कोणी आहे का? भिक्खू म्हणाला, नाही. कारण मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही. मग तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. शुश्रूषेचा उपदेश त्यांनी भिक्खूसंघाला केला, पण तो नंतर. आम्ही ही गोष्ट वंदनेनंतर वाचली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, आमच्या वॉर्डात उलटं होतं; जो पेशंट शिकवायला उपयोगी, त्याच्याभोवती गर्दी, आणि साध्या तापाच्या म्हातारीकडे कोणी फिरकत नाही.

शिकणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी, म्हणून आमच्याच वस्तीतल्या, रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला आम्ही विहारात बोलावलं. ती आधी जरा चिडली. "बाहेर साठ माणसं, मशीन एक, वरून सर ओरडतात. विचारायला वेळ कुठे असतो?" आम्ही म्हटलं, एकदा विचारून बघ, किती वेळ लागतो ते आम्हाला सांग. पुढच्या रविवारी ती हसत आली. एका आजोबांना तिने म्हटलं होतं, "बाबा, मी शिकतेय. मॅडम बाजूलाच आहेत. मी प्लेट लावू का?" आजोबा म्हणाले, "लाव की पोरी. माझ्या नातीएवढी तू." आठवड्याभरात तिने खूप जणांना विचारलं, नाही म्हणणारे दोघंच निघाले. एकाला खूप दुखत होतं, आणि एका बाईंना त्या दिवशी नको होतं. वेळ? "दहा-बारा सेकंद. आणि विचारल्यावर माणसं हलत नाहीत, फोटो एकदाच येतो." हे तिने स्वतःहून सांगितलं, आम्ही विचारलं नव्हतं.

तुम्हीही विचारा. टेबलावर झोपण्याआधी : तुमचं नाव काय, तुम्ही डॉक्टर की विद्यार्थी, मोठे डॉक्टर कुठे आहेत, ही तपासणी माझ्यासाठी की शिकण्यासाठी? आवाज चढवायची गरज नाही. बोलणं जमत नसेल तर सोबतच्या माणसाने विचारावं. कोणी अपमान केला, नकार दिल्यावर हाकलून दिलं, तर त्याच दिवशी तारीख-वेळ केसपेपरच्या मागे लिहून ठेवा. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. तिथे नाही ऐकलं तर अधिष्ठात्यांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्या आणि प्रतीवर पोच घ्या. कागदपत्रं मागितली तर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावीत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. एक्स-रे मशीनचा परवाना, खोलीची सुरक्षितता याबद्दल शंका असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहिता येतं. त्याचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, मानखुर्द-चेंबूरच्या आपल्या वस्त्यांपासून फार लांब नाही. जुन्या फिल्म फेकू नका. त्या जवळ असल्या तर नवीन डॉक्टर तोच फोटो परत काढायला लावत नाही.

ताई पुढच्या तारखेला गेल्या. आमच्यातल्या दोघी सोबत होतो. या वेळीही एक शिकाऊ मुलगी आली आणि थेट जेलची बाटली उचलली. ताईंनी पदर घट्ट धरला आणि विचारलं, "तुमचं नाव काय हो?" मुलगी गडबडली. मग नाव सांगितलं, मी शिकतेय म्हणाली, आणि बघू का म्हणून विचारलं. ताईंनी थोडा विचार केला. "बघा. पण पाच मिनिटं. मग मॅडमना बोलवा. आणि मला कुशीवर झोपून चालेल का ते सांगा." मुलीने उशी आणून पाठीशी लावली. बघता बघता पडदा ताईंकडे वळवला आणि बाळाचं हृदय कुठे उडतंय ते बोटाने दाखवलं.